सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, मातीची खोली नसते

'माती संरक्षणाचे कायदे' हा विषय पीएच.डी.साठी घेता येईल का, असं अनेक जण विचारतात. येईल. पण त्याआधी या विषयावर नेहमी जे लिहिलं जातं ते एकदा तपासून बघायला हवं, कारण त्यातलाच एक दोष आपल्या प्रबंधात नकळत शिरतो.

नेहमीचं प्रकरण साधारण असं असतं: राज्यघटनेचं कलम 48अ आणि 51अ(ग), मग 1986 चा पर्यावरण (संरक्षण) कायदा, मग संयुक्त राष्ट्रांचा 1994 चा वाळवंटीकरणविरोधी करार, मग 2015 पासूनची मृदा आरोग्य पत्रिका. आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: 'कायद्यांची प्रभावी अंमलबजावणी होणे आवश्यक आहे.'

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्यावर आहे. अंमलबजावणी कमी पडते असं म्हणताना आपण गृहीत धरतो की अंमल करण्याजोगा नियम कायद्यात आहे. मातीच्या बाबतीत आधी तेच तपासायला हवं. पाण्यासाठी 1974 चा कायदा आहे, हवेसाठी 1981 चा. मातीच्या नावाने असा केंद्रीय कायदा नाही. 1986 च्या कायद्यातल्या पर्यावरणाच्या व्याख्येत पाणी, हवा आणि 'जमीन' आहे. आता जमीन म्हणजे माती का? आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, पण महसुलात जमीन म्हणजे क्षेत्र आणि मालकी. माती म्हणजे त्या क्षेत्रावरचा काही सेंटिमीटर ते काही फुटांचा थर. क्षेत्र तेवढंच राहून थर निघून जाऊ शकतो. जळगाव-धुळ्यात नेमकं हेच होतं, आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद होत नाही.

कायद्याला माती केव्हा दिसते?

माझ्या वाचनात तीन प्रसंग येतात.

पहिला, कुणी माती उचलून नेली तर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 48(7) प्रमाणे विनापरवाना गौण खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही अडकतं. साधी माती गौण खनिज कधी ठरते? केंद्राच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेप्रमाणे भराव, सपाटीकरण, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या कामासाठी वापरली की. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये हाच मुद्दा धरला: नुसती माती खोदली म्हणून ती खनिज होत नाही, ती कशासाठी वापरली ते बघावं लागतं. म्हणजे इथे कायदा मातीकडे तिच्या वापरावरून आणि रॉयल्टीवरून बघतो. तिच्यात काय जगतं, तिच्यावर काय पिकतं, हा प्रश्नच येत नाही.

याच बाजूचं आणखी एक उदाहरण. 28 मार्च 2020 ला केंद्राने रस्ते, पाइपलाइन अशा 'रेषीय प्रकल्पां'साठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. किती माती, किती क्षेत्रातून, रेषीय म्हणजे नेमकं काय, याची मर्यादा त्यात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये 'नोबल पैकडा विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात ही सूट मनमानी ठरवून रद्द केली. धुळे-जळगाव महामार्गाचं चौपदरीकरण ज्यांनी बघितलंय, त्यांना रस्त्याच्या भरावाला किती मुरूम-माती लागते हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रसंग, माती विषारी झाली तर. 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. चांगली गोष्ट आहे. पण त्यांचा विषय रसायनांनी बिघडलेली जागा हा आहे. चांगली माती वाहून जाते, हा नाही.

तिसरा, माती एका रात्रीत गेली तर. 'खरडून गेलेली जमीन' हा शब्द आपल्याकडे पंचनाम्यातून घरोघरी पोहोचला आहे. 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि मनरेगातून 3 लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. म्हणजे मातीला किंमत आहे हे सरकारला मान्य आहे. अट एवढीच की ती एकदम गेली पाहिजे.

आता या तिघांत न बसणारा प्रसंग बघू. भारतातल्या धुपीचा नेहमी दिला जाणारा सरासरी अंदाज वर्षाला हेक्टरी 16.35 टन आहे. तो 1983 चा आहे आणि देशभराची सरासरी आहे, खान्देशच्या कुठल्या एका शेताचं मोजमाप नाही. तरी हिशोब समजायला तो घेऊ. मातीची घनता 1.3 धरली तर 16.35 टन म्हणजे सुमारे 12.6 घनमीटर. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. म्हणजे एका हेक्टरातून वर्षाला जवळपास साडेचार ब्रास माती. थराच्या भाषेत सव्वा मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारा. पन्नास वर्षांत सुमारे 6 सेंटिमीटर.

तेवढीच साडेचार ब्रास माती कुणी ट्रॉलीत भरून विनापरवाना रस्त्याच्या भरावाला नेली तर तहसीलदार गाडी अडवतात. पावसाने नेली तर तलाठ्याच्या दप्तरात एक ओळही येत नाही. पुढे तीच माती हतनूर धरणात 'गाळ' म्हणून मोजली जाते आणि तिथून सुटली तर तापीबरोबर गुजरातेत उकाईपर्यंत जाते. माती जागची हलत नाही, म्हणून ती फक्त स्थानिक विषय आहे, असा एक युक्तिवाद असतो. युरोपीय संघाने 2006 मध्ये मांडलेला मृदा संरक्षणाचा मसुदा काही देशांनी याच धर्तीच्या युक्तिवादावर अडवून धरला आणि 2014 मध्ये तो मागे घ्यावा लागला. तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला हा युक्तिवाद पटणं कठीण आहे.

भुसावळची राख आणि 'वरचा थर'

मातीचा 'वरचा सुपीक थर' वाचवायचा हा उद्देश स्पष्ट लिहिलेला केंद्रीय नियम हवा असेल तर तो एका अनपेक्षित ठिकाणी सापडतो: औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबद्दलच्या 14 सप्टेंबर 1999 च्या अधिसूचनेत. वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत मातीच्या विटा पाडायच्या तर वजनाने किमान 25 टक्के राख मिसळा, असा तो नियम होता. पुढे अंतर 100 आणि 2016 मध्ये 300 किलोमीटर झालं. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रामुळे जळगाव शहर पहिल्या वर्तुळातच येतं, आणि 300 किलोमीटरमध्ये अख्खा धुळे जिल्हा येतो.

नियम उपयोगी होता, यात वाद नाही. पण तो जन्माला कसा आला ते बघा. राखेचे ढीग साठत होते, ती कुठे तरी खपवायची होती. माती वाचवणं हे त्या गरजेला जोडलेलं दुसरं कारण. म्हणून या नियमाचं यश 'किती टक्के राख वापरली' असं मोजलं जायचं. वीटभट्टीसाठी किती हेक्टरांचा वरचा थर निघायचा थांबला, हा आकडा त्या हिशोबात नसायचा. उद्देशात माती आणि मोजमापात राख, अशी ही रचना होती. एखादा नियम वाचताना त्याच्या प्रस्तावनेवर थांबू नका. त्या नियमाखाली दरवर्षी कोणता आकडा भरून द्यावा लागतो तो शोधा. नियमाचा खरा विषय तिथे कळतो.

खोली मोजता येत नाही का?

'मातीची खोली शेताशेतात कोण मोजणार?' असं कुणी म्हणालं तर त्याला 1847 चा जॉइंट रिपोर्ट दाखवावा. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमाबंदीसाठी जी प्रतबंदीची पद्धत पक्की केली, तिच्यात मातीचा पोत आणि खोली हाच आधार होता. पावणेदोन हात खोल उत्तम माती म्हणजे 16 आणे. खोली घटली, पोत हलका झाला की आणे कमी. असे नऊ वर्ग, शेवटचा 2 आण्यांचा. शेतात खड्डा घेऊन, खोली बघून वर्ग ठरायचा.

हे मातीच्या प्रेमापोटी नव्हतं, सारा बसवण्यासाठी होतं. खान्देशात 1852 मध्ये या मोजणीविरुद्ध सावदा, एरंडोल भागात लोक उठले होते, ते उगाच नाही. मोजणीमागे सारा येतो हे त्यांना माहीत होतं. पण आपल्या मुद्द्यासाठी यातून एक गोष्ट सिद्ध होते. साखळी घेऊन फिरणाऱ्या राज्याला खोली मोजता येत होती, कारण तिच्यावर पैसा अवलंबून होता. आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, पोटखराब आहे, आकारणी आहे. ज्या खोलीवरून ती आकारणी मुळात बसली, ती खोली मात्र नोंदीत नाही.

1942 चा कायदा आणि काळी माती

मग धुपीबद्दल राज्यात काहीच कायदा नाही का? आहे. मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा, 1942. मातीचं जतन, धूप थांबवणं, कोरडवाहू शेतीच्या पद्धती यांसाठी योजना आखण्याचे अधिकार त्यातून सरकारला मिळाले आणि पुढे बांधबंदिस्तीची मोठी कामं उभी राहिली. आपल्या नेहमीच्या यादीत हा कायदा अनेकदा नसतोच, हे आश्चर्य आहे.

पण तोही चिकित्सेशिवाय घेऊ नये. समपातळी बांध हा उपाय हलक्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीत चांगला चालतो. तापीकाठची खोल काळी माती ओली झाली की फुगते, पाणी मुरण्याचा वेग पार घटतो, बांधाशी पाणी तुंबतं. वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगांतून बांध फुटतो. म्हणून अशा जमिनीत ढाळीचे बांध सुचवले जातात, जादा पाणी संथपणे बाहेर काढणारे. एकच साचा सगळ्या तालुक्यांना लावला की कागदावर 'उपचारित क्षेत्र' वाढतं, शेतात बांध फुटलेले दिसतात. तापीच्या काठाने घळींनी चिरलेली जमीन आहे, तिला तर आणखी वेगळा उपचार लागतो.

आज राज्याच्या खात्याचं नाव 'मृद व जलसंधारण' आहे. नावात माती आधी आहे. पण जलयुक्त शिवारसारख्या कामांचं यश टीसीएममध्ये, म्हणजे साठलेल्या पाण्यात सांगितलं जातं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत किती घनमीटर गाळ काढला ते सांगितलं जातं. तो गाळ ज्या वरच्या शेतांतून आला, तिथल्या शेतकऱ्याला तो परत मिळतो असं नाही. तो धरणाजवळच्या आणि वाहतूक परवडणाऱ्या शेतकऱ्याकडे जातो.

करार काय मागतो आणि आपण काय देतो

आता आंतरराष्ट्रीय बाजू. वाळवंटीकरणविरोधी करार 17 जून 1994 ला स्वीकारला गेला, भारताने डिसेंबर 1996 मध्ये त्याला मान्यता दिली. 'वाळवंटीकरण' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थान येतं. करारातल्या व्याख्येप्रमाणे मात्र शुष्क, अर्धशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र प्रदेशातला जमिनीचा ऱ्हास म्हणजे वाळवंटीकरण. जळगाव आणि धुळे अर्धशुष्क पट्ट्यात येतात. म्हणजे हा करार आपल्याही शेताबद्दल आहे.

सप्टेंबर 2019 मध्ये या कराराची परिषद ग्रेटर नोएडात झाली आणि भारताने 2030 पर्यंत 2.6 कोटी हेक्टर जमीन पुनर्स्थापित करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. ते न गाठल्यास दंड नाही, हा ठरीव आक्षेप. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मोजमापाची अडचण. इस्रोच्या 2021 च्या ॲटलासप्रमाणे देशात 9.785 कोटी हेक्टरांवर ऱ्हास आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचा 2010 चा आकडा 12.07 कोटी हेक्टर. मधला फरक दोन कोटी हेक्टरांहून जास्त, कारण दोघांच्या व्याख्या आणि पद्धती वेगळ्या. उद्दिष्ट आणि हा फरक जवळपास सारख्याच आकाराचे आहेत, हे ध्यानात घ्या.

करारात प्रगती तीन निर्देशकांवर बघतात: जमिनीचं आच्छादन, उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्बाचा साठा. पहिले दोन मुख्यतः उपग्रहावरून. रावेर-यावलची केळी उपग्रहाला हिरवीगार दिसणार. ती हिरवळ ठिबकच्या, बोअरच्या पाण्यावर आणि विद्राव्य खतांवर उभी असू शकते. खालची माती सुधारते की थकते हे हिरवेपणावरून कळत नाही. म्हणून तिसरा निर्देशक, कर्ब, कळीचा आहे.

आणि इथेच आपल्या राष्ट्रीय योजनेचा आणि कराराचा सांधा निखळतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर 12 घटक असतात, त्यात सेंद्रिय कर्ब आहे, पण टक्केवारीत. कराराला साठा हवा, हेक्टरी टनांत, वरच्या 30 सेंटिमीटरचा. टक्केवारीचा साठा करायचा तर घनता आणि खोली लागते. पत्रिकेवर घनता नाही, आणि नमुना साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा. समजा कर्ब 0.5 टक्के, थर 15 सेंटिमीटर. घनता 1.2 असेल तर साठा हेक्टरी 9 टन, 1.5 असेल तर सव्वाअकरा. म्हणजे 25 टक्क्यांचा फरक, तोही एक न मोजलेल्या संख्येमुळे. काळ्या मातीत तर घनता ओलीप्रमाणे बदलते. एवढी पत्रिका छापण्याची यंत्रणा उभी राहिली, पण तिच्यातला कर्बाचा आकडा करारासाठी सरळ वापरता येत नाही. ही अंमलबजावणीतली चूक नाही. काय मोजायचं हे ठरवतानाच राहिलेली फट आहे.

समोरची बाजू

यावर रास्त आक्षेप आहेत. एक, पावसावर खटला कसा भरणार? नाहीच भरता येत. पण उताराला आडवी की उभी नांगरट, बांधाची देखभाल, पावसाळ्यात जमीन झाकलेली की उघडी, रस्त्याच्या मोरीचं पाणी कुणाच्या शेतात सोडलं, या सगळ्या माणसाच्या गोष्टी आहेत. शेवटची तर थेट सरकारी खात्यांची.

दोन, खोलीची नोंद झाली की दोष शेतकऱ्यावर येईल, कर्ज आणि जमिनीचा भाव अडचणीत येईल. हा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. 1852 ची भीती अजून जिवंत आहे आणि तिला कारण आहे. म्हणून नोंद आधी गावाच्या किंवा पाणलोटाच्या पातळीवर व्हावी, शिक्षेसाठी नाही तर मदतीचा हक्क सांगण्यासाठी, असं माझं मत आहे. एका रात्रीत गेलेल्या मातीला भरपाई मिळते, तर वीस वर्षांत गेलेल्या मातीसाठी बांधदुरुस्तीचा पैसा मागण्याचा आधार तरी हवा.

तीन, कायद्याशिवायही माती वाचते. साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे त्याचं उदाहरण. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं, नियम गावानेच केले, मोडणाऱ्याला दंडही गावाने लावला. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. जंगल राहिलं की खालची माती धरून राहते. पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत. बारीपाड्याची गोष्ट कौतुकाने सांगून थांबू नये. राखलेल्या आणि न राखलेल्या उतारावर मातीची खोली, कर्ब, घनता मोजावी. तेव्हाच 'गावाचा नियम कायद्यापेक्षा बरा' हे विधान टिकेल, नाहीतर पडेल.

विषय घेणार असाल तर

कायद्यांची यादी करू नका, तक्ता करा. प्रत्येक नियमापुढे चार रकाने: तो मातीला काय म्हणतो, कोणत्या एककात मोजतो, कोण मोजतो, आणि हळूहळू होणारी धूप त्यात येते का. शेवटचा रकाना बहुतेक रिकामा राहील.

मग एकच छोटा पाणलोट घ्या. जुन्या प्रतबंदीच्या नोंदी भूमी अभिलेख कार्यालयात मिळत असतील तर मागा आणि त्याच गटांत आज खड्डे घेऊन खोली मोजा. नोंदी मिळाल्या नाहीत तर बांधाच्या वरच्या आणि खालच्या बाजूची खोली मोजा, जवळच्या तलावातला गाळ मोजा. घनता घ्यायला विसरू नका, आणि काळ्या मातीत ती कोणत्या ओलीला घेतली ते लिहून ठेवा. एवढं केलंत तर 'अंमलबजावणी आवश्यक आहे' या वाक्याऐवजी प्रबंधाच्या शेवटी एक आकडा लिहिता येईल: अमुक गटात अमुक वर्षांत इतके सेंटिमीटर. कायदा बदला असं म्हणायला तोच आकडा लागतो.